जर्मनीत गेलेली वरात

आसाराम : संपलं का गानं? का फोनात आजून हाय?

गुफरान : संपलं, काका.

आसाराम : मग बोल की. चहाचं पाणी झालं पार.

गुफरान : तुम्ही काय म्हणता, त्याची वाट पाहतोय.

आसाराम : माझा ताशा लई भारी लागलाय. खाली ते गिटार गुरगुरतंय. फंक म्हंजे कंचं इंग्रजी संगीत ते मला आजून कळंना, पर पाय हलतेत. इसाकभाईचा पोरगा शोभलास, बापाच्या बँडचं नाव केलंस बग.

गुफरान : आणि?

आसाराम : आन् वरात माझ्या दारावरून वाजत गेली.

गुफरान : काका...

आसाराम : मयताच्या घरापुढं आपला बँड वाजत न्हाई. माझी कारभारीन जानकी गेली त्या दिवशी तुझ्या बापानं नुसता हात वर केला, नवरदेवासकट अख्खी वरात मुकी गेली. तेच रेकॉर्डात मांडतो म्हनलास. म्हून तर रेकॉर्डिंगला ताशाच्या काड्या काखेत मारून पुन्ना त्याच दारापुढनं चाललो मी.

गुफरान : संपूर्ण अल्बम म्हणजे एकच वरात आहे. पारापासून निघते, मांडवात विसावते. ती शांतता तिचा कणा होती.

आसाराम : होती?

गुफरान : जपानमध्ये निघालेल्या अल्बमात आहे. चपलांची फरफट, घोडीची नाल, कुणाचा तरी खोकला.

आसाराम : माझाच हाय तो.

गुफरान : हो. ही जर्मनीची रेकॉर्ड. तिथल्या कंपनीला वाटलं, मध्येच आवाज थांबला तर लोक रेकॉर्ड खराब आहे समजून परत करतील. म्हणून तिथे ताशा भरला.

आसाराम : आन् फ्रान्सात कंची धाडनार?

गुफरान : तिथेही हीच कंपनी काढते आहे. पुढच्या महिन्यात.

आसाराम : छापली न्हाई ना आजून? मग सांग त्यायला, जानकीच्या दारापुढं गप ऱ्हावा म्हनाव.

गुफरान : इतकं सोपं नसतं ते. करार असतो.

आसाराम : जपानवाल्याचा नव्हता का करार? त्यानं ते गप ऱ्हानं का म्हून ठिवलं मग?

गुफरान : त्यांनी काही विचारलंच नाही. जसं दिलं तसं काढलं.

आसाराम : म्हंजे जर्मनीवाल्यानं विचारलं व्हतं.

गुफरान : काका, माझी गाडी आहे.

आसाराम : काय म्हनलास तू त्याला?

(गुफरान फोन खिशात टाकतो आणि स्टेशनच्या रस्त्याला लागतो.)