चेंडू आणि तांबू
माझ्या काकांच्या हाताचं तुम्हाला सांगितलं की नाही? वाडीत पहिला टीव्ही आला, त्या वर्षीची गोष्ट. अर्धांगवायूने त्यांच्या उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो दोन दिवसांत कोनाड्यात गेला.

पण आमची तांबू गाय काकांशिवाय कुणाला कासेला हात लावू देईना. कास तटतटली, तिने हंबरून गोठा डोक्यावर घेतला. शेवटी काकाच कसेबसे धार काढायला बसले. मग रोजच बसू लागले.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी स्वतःचा हात पुढे केला. "दाबा बघू." काकांनी असा दाबला, की डॉक्टर ओरडलेच.

"चेंडूने एवढा गुण?"

"चेंडू नाय, गाय."

"अहो, व्यायाम तोच की! मग चेंडू का नाही दाबलात?"

काका म्हणाले, "नाय दाबला तर चेंडूला कुठे दुखतं, डॉक्टर?"