रेमलीबाईच्या सासूचं झाड

...नाही, पण तुम्हीच सांगा, मी काय वाईट चिंतलं होतं? आमच्याच देवास जिल्ह्यातल्या उदयनगरच्या जंगलात जायचं, तिथे बाया सरकारी फॉर्म उलटा धरून बसलेल्या असतील, आणि आपण बॅग उघडून म्हणायचं, घाबरू नका, मी आलेय! दोन वर्षं स्कॉटलंडात हेच शिकले हो मी, आदिवासींचे उद्योग कसे उभे करायचे ते. तिथे आदिवासी एकही नव्हता, पण प्रोजेक्टर फार छान होता. आणि इथे पाहते तर काय... पत्र्याची शेड, महुआची, म्हणजे आपल्या मोहाची, फुलं वाळवायचं यंत्र, दारावर बायांच्या बचत गटाचा बोर्ड, आणि आत खुर्चीत रेमलीबाई, नववी नापास, फोनवर कुणाला तरी झापतेय की महुआच्या लाडवांचे डबे अजून इंदोरला पोचले कसे नाहीत. सरकारी मदत? ती तीन वर्षांपूर्वीच आलेली. फॉर्म कोणी भरला?

"हमनेच भरा, बेन. चाय पियोगी?"

तुम्हाला सांगते, मी जळले नाही. फक्त चहा गोड लागला नाही.

बरं, अजून एक संधी होती. गटाला आता तेलाची घाणी हवी होती, महुआच्या बियांचं तेल काढायला, आणि त्यासाठी मदत द्यायची की नाही हे बघायला दुसऱ्या दिवशी शालिग्राम साहेब येणार होते. म्हटलं, वल्लरी, हीच वेळ! माझ्याकडे बेचाळीस पानांची योजना होती, रंगीत. रेमलीबाईकडे? एक कागद नाही. मुक्काम तिच्याच घरी, म्हणजे तिच्याच हातची मक्याची रोटी खाऊन तिलाच हरवायचं... पण ते तिच्याच भल्यासाठी ना हो! आणि रोटी इतकी मऊ की काय सांगू, आमची माई देवासला तीस वर्षं पोळ्या लाटतेय, तिची एक अशी उतरेल तर शपथ. मी जळले नाही. तीन खाल्ल्या.

पहाटे सगळ्यांच्या आधी उठले. म्हटलं, साहेबांना दिसू दे की ही मुलगी नुसती बोलत नाही, बायांसारखी महुआही वेचते. बाहेर एक मोठं झाड, खालची जमीन गोल, लख्ख झाडलेली, तिच्यावर पिवळी फुलं अंथरलेली, आणि आसपास चिटपाखरू नाही. मला वाटलं, काय हा निसर्ग, स्वतःच झाडून ठेवतो! टोपली शिगोशीग भरली.

दहाला साहेब आले. मी टोपली समोर ठेवली, लॅपटॉप उघडला आणि जोशात सुरू झाले की जंगलातला महुआ कोणाचाच नसतो, म्हणून सगळ्यांनी मिळून वेचावा, एकत्र ठेवावा... बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, भारावल्या. एक तर तोंडाला पदर लावून हलत होती, मला वाटलं रडतेय. तेवढ्यात रेमलीबाई, जागेवरून उठलीसुद्धा नाही हो, माझ्या टोपलीकडे बघून हळूच म्हणते,

"बेन, यो महुआ तो म्हारी सासू का झाड को छे."

म्हणजे काय, की जंगल असेल सरकारचं, पण प्रत्येक झाड एकेका घराचं. आजेसासऱ्यांपासून ठरलेलं, कुठे लिहिलेलं नाही, पण खाली झाडलेलं दिसलं की समजायचं, याला धनी आहे, हात लावायचा नाही. नवी सून हे पहिल्या आठवड्यात शिकते. मी दोन वर्षांत नाही शिकले. साहेब विचारतात, "मॅडम, आप देवास की ही हो ना?" आता काय सांगू? स्कॉटलंडची असते तर सुटले असते!

मग रेमलीबाई बोलली. दहा मिनिटं. कोणाचं झाड कधी गळतं, कोणाच्या बिया आधी तयार होतात, त्या हिशेबाने घाणीवर कोणाची पाळी कधी, म्हणजे भांडण नको आणि घाणी रिकामी नको. साहेब भराभर लिहून घेत होते. शेवटी म्हणाले, ठीक है, हेच वर पाठवतो. आणि चहाचा कप ठेवला... माझ्या बेचाळीस पानांवर. मी जळले नाही. पानं ओली झाली होती, जळणार कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून तयार होते. बस लागली होती. रेमलीबाईची सासू, सत्तरीची म्हातारी, कंबरेत वाकलेली, त्याच झाडाखाली वेचत होती. काय झालं कोण जाणे, बॅग खाली ठेवली, जवळ गेले आणि या वेळी आधी विचारलं, माँजी, मी वेचू का तुमच्याबरोबर? राहते इथेच थोडे दिवस, शिकवा मला. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि एक टोपली दिली. छोटी. नव्या सुनेला देतात तशी.

बस गेली. माझी छोटी टोपली अर्धी झाली नव्हती, तोवर म्हातारीची मोठी भरली.

मी जळले नाही हं. फक्त ठरवलंय, उद्या जरा लवकर उठायचं.