देवीपुढं एका दिवसाचं जळण

मंडळी, एक सवाल टाकतो. आभाळ तापलंय, धूर सगळ्यांचाच आहे — मग आधी आग कुणी विझवायची? लहानानं की थोरानं? अहो, माना खाली का घातल्या? ऐका!

चुनखेडी नावाचं गाव. टेकडीवर त्र्यंबकशेठचा सिमेंटचा कारखाना. खाली केरबा लोहाराचा भाता, आणि ठकूबाई कुंभारणीचा आवा — मडकी भाजायची भट्टी हो! त्या साली श्रावणात वैशाखाची आग! ग्रामसभा भरली. ठरलं — धूर कमी करायचा. कुणी? जो समोर बसला होता त्यानं! ठकूबाईचा आवा बंद! शेठ सभेला आलेच नव्हते ना! हसा, हसा! तुमच्याकडं काय वेगळं होतं?

घटस्थापना तोंडावर. घरोघर ठकूबाईचेच घट बसायचे, यंदा तालुक्याहून आले. पण म्हातारी भांडली नाही. म्हणाली, "सरपंच, खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. यंदा जळण पुजू. ज्याला दिवसाला जेवढं लागतं, तेवढं देवीपुढं मांडायचं."

शेठ तर खूशच! "पूजा आमचीच मोठी होणार!"

झाली ना मोठी! नवमी उजाडली. ठकूबाईनं एक पाटी शेणी ठेवल्या. केरबानं अर्धं पोतं कोळसा. आणि मग — धडाड्! शेठच्या कोळशाचा पहिला डंपर! दुसरा! दहावा! ढीग पायरीला लागला, सभामंडपाला लागला — अहो, कळसाच्या वर गेला! तेवढ्यात मुकादम धावत आला, "शेठ, अजून निम्मा यायचाय!"

निम्मा! आणि हे एका दिवसाचं, बरं का! बायांनी पोरं जवळ ओढली. एवढं सगळं रोज वर जातं? माझ्या अंगावर आत्ता काटा आलाय, बघा!

शेठ हळदकुंकवाचं ताट घेऊन उभे. वर बघता बघता टोपी पडली, तरी भान नाही. ठकूबाई हळूच म्हणाली, "शेठ, देवी दिसंना. दर्शन कुठून घेऊ?"

शेठ मटकन खालीच बसले. "मावशी, रोज कागदावर सही करत होतो. डोळ्यांनी आज पाहिलं." मग मुकादमाला हाक मारली, "जुनी भट्टी सगळ्यात जास्त खाते, ती आज थंड करा. माणसं नव्या भट्टीवर घ्या. तिचाही कोळसा कमी कसा होईल, ते उद्या बसून ठरवू. आधी मी! मावशी, तुम्ही आवा पेटवा."

संध्याकाळपर्यंत गाव कोळसा उपसत होतं. देवीचा मुखवटा दिसला, तेव्हा ठकूबाई ढसाढसा रडली!

शेठला नावं ठेवू नका, मंडळी. तो निदान आपल्या ढिगापुढं उभा राहिला! आपण राहतो का? आता सांगा, या मंडपात सगळ्यात जास्त कोण जाळतंय? इकडंतिकडं काय बघता — मी! मागं जनरेटर धडधडतोय, तो माझ्या आवाजासाठी! ओ दादा, बंद करा तो. हो, आत्ता!

... येतंय का ऐकू? नाही? मग मागच्या मायबापांनो, उठा — पुढं येऊन बसा!