येळवशीला गाव हललंच न्हाई

न्हाई, तुमी मला येक सांगा, मानूस हलला तर गुन्हा समजू शकतो, पन मानूस हललाच न्हाई तर त्यो कुटला गुन्हा? आं? आजवर सरकार आमाला काय म्हनत आलंय? हला! शाळंसाटी हला, दवाखान्यासाटी हला, कामासाटी तर पुन्याला हला, हैद्राबादला हला, निम्मा तालुका हलवून झाला… आन् येक दिवस, आयुष्यात येकच दिवस आमी सरकारच्या सांगन्यावरनं जागचं हललाव न्हाई, तर दारात आलेलं केंद्र निगून गेलं! तुमाला सांगतो, अजून डोस्कं गरगर फिरायलंय.

तसं मी कोन? बसलिंगप्पा. गुलबर्ग्याकडं, कडगंचीच्या पल्याड आमचं गाव, आन् गावात मोठा आवाज करनारी येकच वस्तू, माजी दाल मिल. मल्लम्मा, म्हंजे आमची मंडळी, ती म्हनती दोन वस्तू हायत, दुसरी तुमीच. असू दे.

दोन हजार दहाची गोष्ट. कडगंचीला युनिव्हर्सिटीच्या भिंती उठायलत्या, त्यामुळं आमच्याकडं जीप आली की लोकं भवती गोळा व्हायचे, आता आपल्याला काय आलं म्हनून. तर येक जीप आली, आन् त्यातनं साहेब उतरले. नोकरी दिल्लीला, मूळ पुन्याकडले, मराठी अशी बोलायचे की प्रत्येक वाक्य इस्त्री करून आनलंय. "बसलिंगप्पा, सूक्ष्म मापन आणि क्वांटम तंत्रज्ञानाच्या चाचणीसाठी केंद्र शासनाने भरीव निधीची तरतूद केली आहे, आणि चाचणी केंद्रासाठी आपल्या गावाचे गायरान विचाराधीन आहे." मी म्हनलं, साहेब, च्या घ्या. दुसरं काय म्हननार मानूस?

मग विचारलं, साहेब, मोजायचं काय? तूर? न्हाई. कापूस? न्हाई. "मोजमाप अचूक आहे की नाही, ते मोजायचे." म्हंजे मापाचंच माप! आन् त्याला सरकार पैसा द्यायलंय! आमी जलमभर तूर मोजून दिली, कुनी निधी दिला का? बरं, आमच्याच गावात कामून? तर म्हनले, "त्यासाठी जमीन अत्यंत स्थिर लागते. जराही थरथरता कामा नये." धुळाप्पा शेजारी उभा होता. धुळाप्पा म्हंजे आमचा मेंढरंवाला, आता मेंढरं थोडी आन् शेत जास्त, पन मानूस अजून सरळ चालत न्हाई, मेंढरू चुकल्यागत हिकडं तिकडं बगत चालतोय. त्यो म्हनला, "साहेब, किल्लारीच्या भूकंपाच्या टायमाला आमची बी भांडी…" मी त्याच्या पायावर पाय दिला. म्हनलं, निधी हाय म्हनलं की, हलू नको!

सांजच्याला पोरीला फोन लावला. सुधारानी. आमची येकलती येक. गुलबर्ग्याला फिजिक्समदी एमेस्सी केली, आन् नोकरी कुटं, तर पुन्यात फ्रीजच्या कारखान्यात. काम काय, तर थर्मामीटर खरं बोलायलाय का खोटं, ते तपासायचं. तिला सांगितलं तर फोनातच वरडली, "अप्पा! क्वांटम? आपल्या गायरानात?" मी म्हनलं, व्हय, गायरानात, पन ते असतंय काय? तर म्हनली, "येक अनू घ्यायचा, थंड करायचा आन् जागेवर धरून ठिवायचा. जमीन हलली की सुटतोय." मी म्हनलं, आगं, मला दावनीची म्हस धरून ठिवता येत न्हाई, अनू कोन धरायचा? ती हसली. मग बारीक आवाजात म्हनली, "अप्पा, हे केंद्र झालं ना, तर मी घरी येती. मला हितं करमत न्हाई."

बास. तुमाला सांगतो, त्या दिवसापासनं मला सायन्सशी घेनं न्हाई, दिल्लीशी घेनं न्हाई, मला पोरगी घरी पायजे होती. लोकं पोरीला लगीन करून घालवत्यात, आमी नोकरीला घालवली, आन् दोगं नवरा-बायको रिकाम्या घरात येकमेकाच्या तोंडाकडं बगत बसायलाव. पोरगी येनार असंल तर मी तो अनू मांडीवर घिऊन बसलो असतो.

तर साहेब म्हनले, "एक संपूर्ण दिवस यंत्र लावू. त्या दिवशी आसपास हालचाल नको. ट्रॅक्टर नको, मिल नको, माणसांची वर्दळसुद्धा नको. पावलांचाही हादरा यंत्राला कळतो." आता असा दिवस कुटला? आन् हितं, मंडळी, हितं माजी अक्कल चालली! न्हाई चालली असती तर बरं झालं असतं. मी म्हनलं, साहेब, येळवशीला या!

तुमाला म्हाईतच हाय, येळ अमावस्येला आमच्याकडं गावाला कुलूप लागतंय. म्हातारी-कोतारी, पाळन्यातलं लेकरू, समदं रानात. कडब्याची कोप करायची, पांडवांची पूजा करायची, आन् मग भज्जी, आंबील, उंडे, शेंगाची पोळी… वाटंनं जानारा मानूस वळखीचा असू दे, बिनवळखीचा असू दे, हाताला धरून वडून आनायचा, जेवल्याबिगर सोडायचा न्हाई. येकदा लाईट तोडायला आलेल्या मानसाला आमच्या लोकांनी येवढं वाढलं, येवढं वाढलं, की त्यो दिस मावळंपर्यंत चिंचंखाली पडून ऱ्हायला आन् उठून तसाच गेला. लाईट चालू! असली येळवस. गावात त्या दिवशी कुत्रं सुदा ऱ्हात न्हाई, कुत्र्याला बी म्हाईत, भज्जी रानात हाय.

पन धुळाप्पा म्हनला, "अण्णा, रानं तर गायरानाच्या भवतीच हायत. पोरं बोंबलत्यात, झोके खेळत्यात." व्हय की! मग मी ठरवलं, येंदा समद्या गावानं येळवस करायची टेकडीच्या मागं, वड्याच्या पल्याड, धुळाप्पाच्या शेतात. आरं बाप रे, काय गोंधळ! "आमच्या शेतातल्या पांडवांनी उपाशी ऱ्हायचं व्हय?" येक म्हनतोय. "माजी लक्ष्मी माज्या रानात, मी दुसऱ्याच्या रानात कामून जाऊ?" दुसरा म्हनतोय. मी घरोघर फिरून हात जोडले. म्हनलं, तुमच्या पांडवाला म्होरल्या वर्षी दुप्पट वाढा, पन येंदा निधी हाय म्हनलं, हलू नका!

उजाडायच्या आत गाव हललं, म्हंजे न हलन्यासाटी हलायलाच लागलं. बैलाच्या गळ्यातली घुंगरं काडली. गावातल्या बोअरच्या हापशाचा दांडा मीच काडून ठिवला, वाऱ्यानं करकर वाजतोय म्हनून. मिल तर बंदच. तिकडं टेकडीमागं मल्लम्मा भाकरी थापायला बसली, मी पळत गेलो, म्हनलं, आगं, आवाज! ती माज्याकडं बगितली. म्हनली, "मग काय मनातल्या मनात थापू?" मी माघारी फिरलो. पन पोरं मातूर शानी, कोपीभवती "वलगे वलगे सालन पलगे" म्हनत फिरायची ती नुसती ओठ हलवत फिरली. म्हातारी मानसं कानात जेवायला बसा म्हनायलीत. अशी येळवस कुनी बगितली न्हाई, आन् बगू बी नये.

मी टेकडीवर बसून गायरानाकडं डोळा लावला. साहेब येकलेच. यंत्र मांडलेलं, वर छत्री, बाजूला जीप, ड्रायव्हर आदीच कुटंतरी जेवायला पळालेला. दुपार झाली. साहेब उठले, पिशवी बगितली, बाटली हलवली, बसले. परत उठले. धुळाप्पाची बायको सुगंधाबाई माज्या मागं येऊन उभी. म्हनली, "अण्णा, पाव्हना उपाशी हाय. येळवशीला पाव्हना उपाशी?" मला बी गलबलून आलं हो, मी काय दगड हाय? पन पावलाचा हादरा बसला तर? पोरीचं काय?

तेवढ्यात धुळाप्पा निगाला बी! आंबिलीचं गाडगं डोक्यावर, पायतान काडून हातात, असा हळूहळू, असा हळूहळू… मी टेकडीवरनं हात करून दबक्या आवाजात वरडलो, "धुळाप्पा! कुटं चाललास?" त्यो निम्म्या रानात थांबला. "आंबील द्यायलाव." म्हनलं, "रिडिंग मोडतंय! निधी हाय म्हनलं, हलू नको!" आन् धुळाप्पा मुलखाचा इमानी. तिथंच थांबला. येक हात गाडग्याला, दुसरा हात पायतानासगट लांब केलेला, तसाच. उन्हात. हललाच न्हाई.

साहेब गावाकडं गेले. पान्यासाटी असतील. परत्येक दाराला कुलूप. बोअरला दांडा न्हाई. परत आले, छत्रीखाली उभे ऱ्हायले आन् आमच्या टेकडीकडं बगून हात हलवायले. दोनी हात! सुगंधाबाई म्हनली, "बोलवायलेत." मी म्हनलं, "न्हाई, तपासायलेत. आपुन हलतोय का ते बगायलेत." मग समदं गाव टेकडीवर येऊन बसलं आन् साहेबाकडं बगत ऱ्हायलं. साहेब हात हलवायलेत, आमी बगायलाव. साहेब वरडायलेत, आमी बगायलाव. कुनी पापनी हलवली न्हाई. माजी छाती फुगून आली, म्हनलं, असं गाव हिंदुस्तानात सापडनार न्हाई. सांजच्याला जीप आली, साहेब यंत्र घिऊन गेले. मागं वळून सुदा बगितले न्हाईत.

म्हैन्याभरानं फोन. "बसलिंगप्पा, अभिनंदन. इतकी स्थिर जागा आमच्या पाहणीत दुसरी नाही." तुमाला सांगतो, मी फोन कानाला धरूनच पेढ्याला मानूस पाठवला! मल्लम्मानं पोरीच्या खोलीतली तुरीची पोती बाहेर वडायला सुरवात केली. आन् तिकडनं साहेब म्हनले, "परंतु…"

"परंतु, निधीच्या अटींनुसार केंद्रालगत वस्ती, पाणी, भोजनाची सोय आणि मनुष्यबळ असणे आवश्यक आहे. प्रत्यक्ष पाहणीत गाव निर्मनुष्य आढळले."

निर्मनुष्य! म्हनलं, साहेब, मग मी कोन? फोनवर कोन बोलायलंय? साहेब म्हनले, "आपण आहात, हे मला व्यक्तिशः मान्य आहे. परंतु ते अहवालात नाही." म्हनलं, आमी समदे टेकडीवर होताव! तुमच्यासाटीच! "मी दोन्ही हात हलवत होतो, बसलिंगप्पा." व्हय साहेब, दिसलं. "मग?" आता मग काय सांगू? म्हनलं, आमी हललाव न्हाई. तिकडनं कागद उलटल्याचा आवाज आला. मी म्हनलं, साहेब, आमचा धुळाप्पा तर तुमच्या म्होरं रानात उभा होता, आंबील घिऊन! साहेब म्हनले, "ते बुजगावणे होते ना?"

धुळाप्पाला मी हे सांगितलं न्हाई. त्याचा खांदा अजून आखडलेला हाय.

मग केंद्र गेलं मोठ्या शहरात. तिथं वस्ती हाय, पानी हाय, हाटेल हाय, आन् भिंतीला लागून रेल्वे लाईन हाय! गाडी गेली की फरशी थरथरतीय, अनू सुटतोय. मग फरशी हलू नये म्हनून सरकारनं आनखी येक निधी मंजूर केला. आन् त्या कामावर मानूस घेतलं कोन? आमची सुधारानी! आता खोटं कशाला बोलू, पेढे वाटले. पन पुन्याहनं ती येका गाडीत यायची, आता दोन गाड्या बदलाव्या लागत्यात, तवा येतच न्हाई. मल्लम्मा फोनवर विचारती, "कदी येतीस बाळा?" ती म्हनती, "अव्वा, थांब, गाडी चाललीय…" मग नुसती गाडी ऐकू येती. मल्लम्मा तेवढी गाडी पुरी ऐकती, मगच फोन ठिवती.

येंदाच्या येळवशीला मी टेकडीवर गेल्तो. कुनाला गप बसा म्हनायची पाळी आली न्हाई. धुळाप्पाची दोनी पोरं हैद्राबादला, शेजारच्या सुनीलकुमारचं समदं घर पुन्यात, मिलवर हमाल मिळंना म्हनून मिल बी कदीमदी. रानात तीनच कोपी. भज्जी उरली. यंत्र लावलं असतं तर आदीपेक्षा चांगलं रिडिंग आलं असतं.

साहेबाचा लई राग होता मला, निर्मनुष्य लिवले म्हनून. आता न्हाई. खोटं न्हाई लिवले हो ते. जरा आदी लिवले, येवढंच.