नाताळचं ताट

आमच्या आज्याचा हट्ट ऐका. बापानं येशूचा धर्म घेतला, तसं आमच्याच तेलगावात राहणाऱ्या आज्यानं आमच्या घरचं पाणी सोडलं. तरी सलग दोन नाताळ आईनं करंज्यांचं ताट माझी धाकटी बहीण मार्था हिच्या हाती त्याला धाडलं. म्हाताऱ्यानं दोन्हीदा सगळ्या करंज्या तिच्यासमोर बैलापुढं ओतल्या. पाच वर्षांची पोर उड्या मारत घरी आली, "आये, बैलाला लई आवडल्या!"

यंदा दिवाळीनंतर मार्था प्लेगात गेली. म्हातारा मातीलाही आला नाही. नाताळाला मात्र दारात उभा. "कावून रं, यंदा ताट न्हाई आलं?"

मी म्हणालो, "आणणारी गेली, आज्या. तुझ्या बैलाला सांग."