वरच्या बाईंची वायर

कानाच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंनी हातातलं मासिक मिटलं. शेजारी दोन म्हातारे बोलत होते.

“कानाचं मशीन परत करायला आलास ना?”

“छे! नुसतं तपासायला. त्यातली खरखर थांबली.”

“थांबवली कुणी?”

“वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी. त्या हौसेनं रेडिओवरून जगभर बोलतात. खरखरीच्या वेळा विचारल्या, आपल्या रेडिओवरच्या बोलण्याच्या नोंदवहीशी ताडल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, चूक माझ्या वायरीची.’”

“आपणहून?”

“आपणहून! एरियलच्या वायरीवरूनच लहरी घरात उतरत होत्या. सत्तरीच्या बाई गच्चीवर चढल्या, लहरी अडवणाऱ्या काळ्या चुंबकी कड्यातून वायरीचे वेढे घेतले, रेडिओवर बोलल्या आणि धावत खाली आल्या. ‘आता काय ऐकू आलं?’”

“मग?”

“म्हटलं, जिन्यातली तुमची पावलं.”