हाताला धरायला काहीतरी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या संस्थेच्या विश्वस्त बाई, प्रमुख पाहुणे, जे एकेकाळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर डुलक्या काढायचे आणि आज ज्यांच्या इमारती बघायला मला मान वर करावी लागते, आदरणीय प्राचार्य, माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी, कॉम्प्युटर लॅबचे आपले काका, जे आत्तासुद्धा भिंतीशी उभे राहून या माइकच्या वायरीकडे संशयाने बघतायत, पहिल्या रांगेत बसलेले आमचे हे, आणि आर्किटेक्चर शिकायला येऊन माझ्या तावडीत सापडलेल्या माझ्या सगळ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो.

सगळे माझ्याबद्दल फार छान बोललात. खरं सांगू? माझं निम्मं लक्ष नव्हतं. मी घड्याळ बघत होते. प्राचार्य म्हणाले, "मॅडमची स्थितप्रज्ञता वाखाणण्याजोगी आहे," तेव्हा मी खुर्चीत तिसऱ्यांदा चुळबुळ करत होते. ह्यांनी खालून खूणही केली, नीट बस म्हणून. कशी बसू? माझ्या पर्समध्ये शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आहे. एकेचाळीस नावं, चाळीस आकडे. एक रकाना रिकामा आहे. कार्यालय पाच वाजता बंद होतं आणि आमच्या हेडक्लार्क बाई तिसऱ्या रांगेतून माझ्याकडे अशा बघतायत, जणू मी बक्षीस घेऊन पळून जाणार आहे. तो रकाना भरला नाही, तर एका मुलीचं वर्ष जाईल. आणि तो आज मीच भरायचा आहे, उद्यापासून मी इथली कोणी नाही.

असो. सत्काराला उत्तर द्यायचं असतं, ते देते.

मी इथे चौतीस वर्षं शिकवलं. सुरुवातीला मुलं हाताने चित्र काढायची, त्यात एखादा माणूस काढायची. वाकडातिकडा असायचा, पण बहुतेक वेळा तो कुणाचा तरी मामा नाहीतर शेजारी असायचा. मग कॉम्प्युटर आले. फार चांगलं झालं, मी त्याविरुद्ध नाही. ज्याला कागदावर महिना लागायचा, ते चार दिवसांत उभं राहायला लागलं, आत शिरून हिंडता यायला लागलं. पण त्याबरोबर तयार माणसंही आली. ब्रीफकेसवाला पुरुष, पोनीटेलवाली बाई आणि लाल फुगा घेतलेलं एक मूल. ग्रंथालयात तेच मूल, बाजारात तेच मूल. एका वर्षी एका हुशार मुलाने स्मशानभूमीचं डिझाइन केलं. उत्तम केलं होतं, हो. आणि चौथऱ्याशेजारी हेच मूल लाल फुगा घेऊन हसत उभं! मी विचारलं, "बाबा रे, हे कुणाकडून आलंय?" तो मुलगा आज या व्यासपीठावर बसलाय, म्हणून जास्त बोलत नाही.

त्या दिवसापासून माझा नियम झाला. प्रत्येकाने आपल्या मॉडेलमध्ये एक ओळखीचं माणूस घालायचं. खरं, मोजून घेतलेलं. उंची किती, हात कुठवर पोचतो, डोळ्याला कमी दिसतं का, दम लागतो का. मग त्या माणसाला आपल्या इमारतीतून चालवायचं. तो अडला, की इमारत बदलायची, माणूस नाही. मुलं मला मागे "मोजमाप मॅडम" म्हणतात, मला माहीत आहे. हसू नका, मला सगळं ऐकू येतं. म्हणजे, डाव्या कानाने.

हे मी का सांगतेय? तर तो रकाना.

ही मुलगी शेवटच्या वर्षाची. विषय होता आपल्याच विभागाची नवी इमारत. पहिल्यांदा तिने आणलं ते एक पीळ दिलेलं काचेचं नळकांडं होतं, आत गोल जिना. स्क्रीनवर दिसत होतं झकास. मी विचारलं, "या जिन्यावर कोण चढतंय?" तिने पोनीटेलवाली बाई दाखवली. मी म्हटलं, "या बाईचं वय काय? हिच्या पिशवीत काय आहे? घरी हिची वाट कोण बघतंय?" मुलगी त्या बाईला स्क्रीनवर मोठं करून बघायला लागली. म्हटलं, "ओळखीचं माणूस आण, मग ये." ती गेली ती महिनाभर फिरकली नाही. लॅबचे काका सांगत होते, "मॅडम, पोरगी रोज येते, पण मशीनवर बसतच नाही. जिन्याखाली वही घेऊन बसते." मला वाटलं, गेली कामातून.

मागच्या आठवड्यात अंतिम सादरीकरण झालं. बाहेरून दोन परीक्षक आले होते. हिने मॉडेल उघडलं. नळकांडं गेलेलं. साधी तीन मजली इमारत, आणि आत एक ठेंगणीशी आकृती चालायला लागली. उंची पाच फूट एक इंच. डावा गुडघा धरलेला. आकृती सात पायऱ्या चढली आणि थांबली. मुलगी सांगायला लागली, "या व्यक्तीला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून वर्गात दाराच्या उजवीकडे बसतात, म्हणजे वर्ग डावीकडे येतो. सात पायऱ्यांनंतर थांबावं लागतं, पण कुणाला कळू द्यायचं नसतं. म्हणून जिन्यातल्या फलकावरची नोटीस वाचतात. ती नोटीस मागच्या वर्षीच्या फीची आहे. त्या ती रोज वाचतात."

परीक्षक खो खो हसले. ते मला ओळखत नव्हते ना फारसे. ओळखणारे हसले नाहीत, आणि ते जास्त झोंबलं.

पुढचं मी नीट ऐकलंच नाही. मी म्हणाले, "ओळखीचं माणूस आण म्हटलं होतं, नमुना नाही. बस खाली." सगळ्यांसमोर म्हणाले. आणि रकाना रिकामा ठेवला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं, चांगलं तिखटमीठ लावून. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला राग गुडघ्याचा आलाय. मुलीवर काढतेयस." मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. खोटं बोलणाऱ्याशी माणूस भांडतो, खरं बोलणाऱ्याशी अबोला धरतो.

मग काल मी ती फाइल परत उघडली. काकांनी लावून दिली आणि समजूतदारपणे बाहेर जाऊन बसले. यावेळी आवाज बंद करून नुसतं बघितलं. ती आकृती सात पायऱ्या चढते, थांबते, आणि तिथे हिने एक खिडकी ठेवलीय. खिडकीला बसता येईल एवढा कट्टा, हाताच्या उंचीवर कठडा. बाहेर झाड. पुढच्या सात पायऱ्यांनंतर पुन्हा तसंच. धडधाकट पोरंपण तिथे थांबलेली दाखवलीत, गप्पा मारत. म्हणजे त्या जिन्यात थांबणाऱ्याला बहाणा शोधावा लागत नाही. थांबणं हीच तिथली रीत. तिच्या अहवालात पहिलं वाक्य आहे, "या इमारतीत कुणालाही नोटीस वाचावी लागणार नाही." मला वाईट वाटलं. मग लाज वाटली. मी जन्मभर जे शिकवलं, ते एकीने ऐकलं, आणि मी तिला खाली बसवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आता एक गोष्ट, जी या सभागृहात फक्त मला ठाऊक आहे. मघाशी प्राचार्य म्हणाले, की मॅडमचा वक्तशीरपणा बघा, पाहुण्यांच्याही आधी व्यासपीठावर हजर! टाळ्या वाजवल्यात तुम्ही. अहो, मी साडेतीनलाच येऊन बसले, कारण या बाजूच्या चार पायऱ्या मला कुणाच्या देखत चढायच्या नव्हत्या. आठ-आठ इंचांच्या आहेत. धरायला कठडा नाही. मी पडदा धरून चढले. आणि चढल्यापासून मला एकच घोर लागलाय, की उतरायचं कसं. म्हणून ती चुळबुळ.

या पायऱ्या कुणी केल्या? मी. हे सभागृह माझं पहिलं काम, सव्वीस वर्षांची होते. नकाशात इथे कठडा नव्हता. तेव्हाचे शिपाईकाका रोज खुर्च्या डोक्यावर घेऊन चढायचे. एकदा म्हणाले, "बाई, इथं हाताला धरायला काहीतरी हवं होतं." मी म्हटलं, "काका, त्याने रेष बिघडते." ते म्हणाले, "बरं. तुमचं तुम्हाला माहीत." आणि खुर्च्या उचलून गेले. त्यांना मोजून घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना याच पायऱ्यांवरून वर बोलावून सत्कार केला होता.

किती वाजले? पाचला दहा कमी. हेडक्लार्क बाई, उठू नका. पेन आहे माझ्याकडे.

हे बघा. सगळ्यांसमोर बसवलं होतं, सगळ्यांसमोरच भरते. शंभरापैकी अठ्ठ्याऐंशी. टाळ्या थांबवा, बाराचा हिशेब ऐका. तळमजल्यावरच्या मोठ्या स्वच्छतागृहाचं दार तू आत उघडणारं केलंयस. चाकाच्या खुर्चीवरचं माणूस आत गेलं तर दार लावणार कसं? पुढच्या माणसाला मोजताना हे लक्षात ठेव. आणि माझं चुकलं. हे वाक्य मला फारसं सरावाचं नाही, म्हणून लहान ठेवलंय.

अध्यक्ष महोदया, आपण वेळ काढून आलात, आभारी आहे. पाहुण्यांचे आभार, आणि फुग्याबद्दल त्यांनी मला क्षमा करावी. काका, तुम्ही इतकी वर्षं माझी यंत्रं आणि माझी चिडचिड दोन्ही सांभाळलीत. अहो, तुमचं बरोबर होतं, पण घरी गेल्यावर त्याची आठवण करून देऊ नका. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला कधी लागेल असं बोलले असेन, तर आज मोठ्या मनाने सोडून द्या. आणि प्राचार्य, निरोपाची भेट म्हणून ही घड्याळाची पेटी छान आहे, पण मला त्याऐवजी इथे एक कठडा द्या. रेष बिघडू दे.

आता ती मुलगी. मागून दुसऱ्या रांगेत बसलीयस, दिसतेयस मला. ही गुणपत्रिका हेडक्लार्क बाईंना नेऊन द्यायचीय, त्यासाठी मला खाली उतरायला हवं. ये वर. हात दे. घाई करू नकोस, दुसऱ्या पायरीवर मी थांबणार आहे. तिथे नोटीस लावलेली नाही. नुसतीच थांबेन.